एका गाण्याचे दोन सातबारे

गोव्यात कळंगुट-बागाच्या पट्ट्यात संध्याकाळी कुठल्याही शॅकमध्ये जाऊन बसा. कोपऱ्यात दोन गिटारी, एक कीबोर्ड आणि मशीनवरचा ड्रम एवढ्यावर भागवणारा बँड असतो, आणि रात्री दहाच्या आत तो ‘हॅव यू एव्हर सीन द रेन’ वाजवतोच. इंग्रजी धड न येणारेही धृपदाला हात वर करतात. मागच्या खेपेला मी सोबतच्या मंडळींना विचारलं, हे गाणं कुणाचं? एकजण म्हणाला बॉनी टायलरचं, दुसरा म्हणाला रॉड स्ट्युअर्टचं. दोघांनीही ते गायलंय, त्यामुळे अगदीच चूक म्हणता येईना. पण गाणं लिहिलं जॉन फोगर्टी या अमेरिकन रॉकगायकानं, १९७० साली. तेव्हा त्याचा क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा बँड लोकप्रियतेच्या शिखरावर होता आणि आतून फुटत चालला होता. गाण्यातला पाऊस भर उन्हात पडतो. ऊन असताना पाऊस पडला की आपल्याकडे कोल्ह्याचं लग्न लागतं. त्याच्या घरात मात्र त्या उन्हापावसात वाटण्या चालू होत्या.

फोगर्टी २८ मे २०२५ ला ऐंशी वर्षांचा झाला आणि तीन महिन्यांत त्यानं नवा अल्बम काढला. नवा म्हणजे कसा, तर पन्नास-पंचावन्न वर्षांपूर्वीची आपलीच वीस गाणी नव्यानं गाऊन, वाजवून, मुद्रित करून. प्रत्येक गाण्याच्या नावापुढे कंसात ‘जॉन्स व्हर्जन’. हे वाचून अनेकांना वाटलं, म्हातारपणी नवं सुचत नसावं. तसं नाही. या उद्योगामागे काय आहे ते कळायला गाण्याची मालकी कशी चालते ते समजून घ्यावं लागतं, आणि ते वकिलांच्या भाषेत वाटतं तेवढं अवघड नाही. सातबारा वाचता येणाऱ्याला तर मुळीच नाही.

आपण ज्याला ‘एक गाणं’ म्हणतो, त्यात कायद्याच्या लेखी दोन जमिनी असतात. पहिली जमीन म्हणजे शब्द आणि चाल. कुणी गायलं नाही, वाजवलं नाही, तरी ती कागदावर असतेच. ती मुळात कवी-संगीतकाराची. दुसरी जमीन म्हणजे त्या गाण्याचं एक विशिष्ट ध्वनिमुद्रण: अमुक दिवशी, अमुक स्टुडिओत, अमुक माणसांनी वाजवलेलं. याला धंद्यात ‘मास्टर’ म्हणतात, कारण पूर्वी मूळ टेपला मास्टर टेप म्हणत आणि बाकी सगळ्या रेकॉर्डी तिच्यावरून छापल्या जात. पहिल्या जमिनीवर दुसऱ्या जमिनी कितीही निघू शकतात. बॉनी टायलरनं गायलं की एक नवा मास्टर, रॉड स्ट्युअर्टनं गायलं की आणखी एक. प्रत्येकाचा सातबारा वेगळा, मूळ गाण्याचा मात्र एकच.

हे आपल्याकडेही तसंच आहे, फक्त आपल्या लक्षात येत नाही. एखाद्या हॉटेलानं थर्टी फर्स्टला डीजे लावला की त्याला दोन परवाने घ्यावे लागतात. गीतकार-संगीतकारांच्या वतीनं आयपीआरएस पैसे घेते, आणि ध्वनिमुद्रणांच्या मालकांच्या वतीनं पीपीएलसारखी संस्था घेते. हॉटेलवाले वैतागतात, ‘एकाच गाण्याचे दोनदा पैसे कशाला?’ गाणं एक, पण मालक दोन. त्याच हॉटेलात डीजेऐवजी ऑर्केस्ट्रा बोलावला तर पीपीएलचा संबंध उरत नाही, कारण कुणाचं ध्वनिमुद्रण वाजतच नाही. गोव्याच्या त्या शॅकमधल्या गिटारवाल्या पोरांनी पहिली जमीन वापरली, दुसरीला हातही लावला नाही.

अमेरिकेत यात एक गंमत आहे. तिथं साध्या एएम-एफएम रेडिओवर गाणं वाजलं तर पैसे फक्त पहिल्या जमिनीच्या मालकाला मिळतात. गाणाऱ्याला, वाजवणाऱ्याला, मास्टरच्या मालकाला एक सेंटही नाही. स्ट्रीमिंगवर चित्र उलटं: तिथं मोठा वाटा मास्टरकडे जातो आणि कवी-संगीतकाराच्या हाती त्यापेक्षा पुष्कळ कमी पडतं. सिनेमात किंवा जाहिरातीत मूळ रेकॉर्ड घ्यायची असेल तर दोघांचीही सही लागते, आणि एक जरी अडून बसला तरी काम थांबतं. त्यामुळे कोणत्या जमिनीवर आपलं नाव आहे, यावर म्हाताऱ्या गायकाचं म्हातारपण ठरतं.

फोगर्टीचं नाव कित्येक वर्षं दोन्हींवर मालक म्हणून नव्हतं.

क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हायव्हल हा चौघांचा बँड. जॉन, त्याचा मोठा भाऊ टॉम, बेसवर स्टू कुक, ड्रमवर डग क्लिफर्ड. सगळे कॅलिफोर्नियातल्या एल सेरिटो गावचे, शाळासोबती. आवाज मात्र असा की ऐकणाऱ्याला वाटावं, ही पोरं लुइझियानाच्या दलदलीत मगरींबरोबर वाढली. रॉकमध्ये ब्लूज, कंट्री, गॉस्पेल असं जुनं देशी बियाणं पेरणाऱ्या या संगीताला तिकडे रूट्स रॉक म्हणतात. १९६९ या एका वर्षात त्यांचे तीन अल्बम आले. आज एखादा कलाकार तीन वर्षांत एक काढतो! त्यांची पाच सिंगल्स बिलबोर्ड मासिकाच्या लोकप्रिय गाण्यांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत गेली आणि पहिला क्रमांक एकालाही मिळाला नाही, हाही एक विक्रमच म्हणायचा.

बहुतेक गाणी जॉन एकटा लिहायचा. ‘प्राउड मेरी’ची गोष्ट त्यानं अनेकदा सांगितलीय. तो सैन्याच्या राखीव दलात होता. १९६८ मध्ये एक दिवस दारात सरकारी लिफाफा आला: सेवेतून सन्मानानं मुक्त. व्हिएतनामचा काळ, त्या कागदाची किंमत काय ते ज्याचं त्याला ठाऊक. त्यानं अंगणातल्या हिरवळीवर कोलांटउडी मारली, घरात जाऊन गिटार घेतली आणि गाणं लिहायला बसला. ‘प्राउड मेरी’ हे नाव आधीच वहीत टिपून ठेवलेलं होतं. नदीवरच्या बोटीचं गाणं, आणि लिहिणाऱ्यानं ती नदी नीट पाहिलेलीही नव्हती.

या गाण्यांची पहिली जमीन गेली फँटसी रेकॉर्ड्स या कंपनीकडे. त्या काळी हे सर्रास चालायचं: नवखी पोरं, समोर छापील करार, सही केली तर रेकॉर्ड निघणार. प्रकाशनहक्क, म्हणजे गाण्याच्या मालकीचा कागद, कंपनीच्या नावे झाला. इथं एक बारकावा आहे. लेखक म्हणून जॉनचा एक वाटा शिल्लक राहिला. म्हणजे जमीन दुसऱ्याची आणि हा बटईनं कसणारा. गाणं वाजलं की थोडं याला, थोडं मालकाला. मास्टर तर कंपनीचे होतेच. शिवाय दर वर्षी इतकी इतकी गाणी मुद्रित करून द्यायची, अशी बांधिलकी करारात होती. कंपनीचा मालक सॉल झेंट्झ पुढे सिनेमात गेला आणि ‘वन फ्लू ओव्हर द कुकूज नेस्ट’ व ‘अमॅडेयस’सारख्या चित्रपटांचा ऑस्करविजेता निर्माता ठरला. चित्रपटरसिक त्याला त्यासाठीच ओळखतात.

टॉम १९७१ मध्ये बाहेर पडला, १९७२ मध्ये बँड मोडला. करार मात्र मोडला नाही. जॉनच्या डोक्यावर अजून न दिलेल्या गाण्यांचं ओझं होतं. त्यातून सुटण्यासाठी त्यानं जुन्या रेकॉर्डींवर कलाकार म्हणून मिळणारी रॉयल्टी सोडून दिली. दुसऱ्या जमिनीवरची बटईही गेली. त्यातच बँडचा पैसा कर वाचवण्याच्या एका योजनेत बहामामधल्या कॅसल बँकेत ठेवलेला होता, ती बँक १९७७ मध्ये बुडाली. कोर्टकचेऱ्या झाल्या, काही भरपाईही मिळाली, पण त्या माणसाचं लिहिणं जवळजवळ दहा वर्षं थांबलं.

मग १९८५ मध्ये ‘सेंटरफील्ड’ आला आणि थेट पहिल्या क्रमांकावर गेला. सगळी वाद्यं यानं एकट्यानंच वाजवली होती. त्यात एक गाणं झेंट्झला उघड टोमणा मारणारं होतं. नाचता न येणारं पण खिसे साफ करणारं डुक्कर आणि त्याचं नाव झेंट्झशी जुळणारं. १४ कोटी ४० लाख डॉलरचा बदनामीचा दावा लागला, मग गाण्याच्या नावातलं पहिलं अक्षर बदललं. हे तसं पोरकटच होतं आणि याबाबतीत मला जॉनची बाजू घ्यावीशी वाटत नाही. पण दुसरा दावा खरा नवलाचा. फँटसीचं म्हणणं असं की ‘द ओल्ड मॅन डाऊन द रोड’ हे फोगर्टीचं नवं गाणं ‘रन थ्रू द जंगल’ या १९७० च्या गाण्याची चोरी आहे. आणि ते १९७० चं गाणं कुणी लिहिलं होतं? जॉन फोगर्टीनं!

ऐकायला विनोद वाटतो, पण सातबाऱ्याच्या हिशेबानं पाहिलं तर दाव्याला आधार होता. लेखक कोण याला कायद्यात महत्त्व नाही, मालक कोण याला आहे. जुन्या गाण्याचा मालक फँटसी. त्या गाण्याची नक्कल दुसऱ्यानं केली तर गुन्हा, मग लेखकानंच केली तर का नाही? प्रश्न इतकाच उरतो की ती नक्कल आहे की एकाच माणसाचं हस्ताक्षर. स्वतःच्या अक्षराची चोरी कशी करणार?

१९८८ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या कोर्टात हा खटला ज्युरीपुढे चालला, आणि फोगर्टी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात गिटार घेऊन बसला. जुनं गाणं असं सुचलं, नवं असं, ही सुरावट माझ्या बोटांची सवय आहे, ही अनेक गाण्यांत येते, हे त्यानं वाजवून दाखवलं. शपथेवरची साक्ष म्हणजे गिटारवादन. ज्युरीनं त्याच्या बाजूनं कौल दिला.

तरी प्रकरण संपलं नाही. वकिलांवर दहा लाख डॉलरच्या वर खर्च झाला होता. तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे हक्कभंगाचा दावा लावणारा जिंकला तर त्याला वकिलाचा खर्च सहज मिळे. ज्याच्यावर दावा लागला तो जिंकला तर मात्र समोरच्यानं दावा वाईट हेतूनं लावला हे सिद्ध करा, असं त्याला सांगत. फोगर्टी थेट सर्वोच्च न्यायालयात गेला. १९९४ मध्ये न्यायालयानं एकमुखानं सांगितलं की दोघांना एकच माप लावा. त्याला खर्च मिळाला, आणि अमेरिकेतल्या कॉपीराइटच्या वर्गात ‘फोगर्टी विरुद्ध फँटसी’ आजही शिकवतात. रॉकगायकाच्या नावानं कायद्याचा दाखला पडणं ही तशी दुर्मीळ गोष्ट.

या सगळ्या वर्षांत तो मंचावर क्रीडन्सचं एकही गाणं गात नव्हता. कारण साधं: गायलं की मालकाच्या खिशात पैसे जातात. फेब्रुवारी १९८७ मध्ये नॉर्थ हॉलिवूडच्या पालोमिनो क्लबमध्ये ताजमहाल या ब्लूज गायकाचा कार्यक्रम होता. हो, नावच तसं. श्रोत्यांत जॉर्ज हॅरिसन, बॉब डिलन आणि फोगर्टी. तिघंही मंचावर चढले. ‘प्राउड मेरी’ची फर्माईश झाली, हा नाही म्हणाला. तेव्हा डिलन म्हणाला ते फोगर्टीनं नंतर कितीदा तरी सांगितलंय: तू गायलं नाहीस, तर जग समजेल हे टीना टर्नरचं गाणं आहे. टीना टर्नरनं ते १९७१ मध्ये असं काही गाजवलं होतं की डिलनच्या बोलण्यात अतिशयोक्ती नव्हती. फोगर्टी गायला. त्याच वर्षी ४ जुलैला व्हिएतनामहून परतलेल्या सैनिकांसाठीच्या कार्यक्रमातही ही गाणी गायली, आणि पुन्हा बंद केली.

सुटका झाली ती वकिलामुळे नाही. १९९० मध्ये तो मिसिसिपीत रॉबर्ट जॉन्सनची कबर पाहायला गेला. जॉन्सन हा १९३८ मध्ये ऐन सत्ताविशीत गेलेला ब्लूजचा मूळपुरुष. त्याच्या गाण्यांचे कागद आता कुठल्या वकिलाच्या कपाटात असतील, असा विचार फोगर्टीच्या मनात आला, आणि मागोमाग दुसरा: असेनात का, गाणी रॉबर्ट जॉन्सनचीच आहेत, हे साऱ्या जगाला माहीत आहे. मग आपल्या गाण्यांचं वेगळं काय? त्यानंतर तो हळूहळू ती गाऊ लागला.

याचा अर्थ सगळे गळ्यात गळे घालून नांदू लागले असा नाही. १९९३ मध्ये ‘रॉक अँड रोल हॉल ऑफ फेम’मध्ये बँडचा गौरव झाला, त्या सोहळ्यात त्यानं कुक आणि क्लिफर्डबरोबर वाजवायला नकार दिला. त्या दोघांनी १९९५ मध्ये ‘क्रीडन्स क्लिअरवॉटर रिव्हिजिटेड’ नावानं दौरे सुरू केले, त्यावरून पुन्हा कोर्ट. भाऊबंदकी म्हटली की आपल्याला वेगळं समजावून सांगायला नको.

२००४ मध्ये काँकर्ड या कंपनीनं फँटसी विकत घेतली आणि फोगर्टीला कलाकाराची रॉयल्टी पुन्हा सुरू करून दिली. म्हणजे सोडलेला बटईचा हिस्सा परत आला. मालकीचा फेरफार मात्र व्हायचा होता. तो झाला जानेवारी २०२३ मध्ये. क्रीडन्सच्या गाण्यांच्या प्रकाशनहक्कांतला मोठा हिस्सा त्यानं काँकर्डकडून विकत घेतला, तेव्हा तो ७७ वर्षांचा होता. मास्टर काँकर्डकडेच राहिले.

कंपनी एवढी उदार का झाली? इथं अमेरिकन कायद्यातली एक फारशी ठाऊक नसलेली तरतूद येते. तरुणपणी कवडीमोलानं विकलेलं गाणं आयुष्यभर दुसऱ्याचं राहू नये म्हणून तिथल्या कायद्यानं लेखकाला एक परतीचं दार ठेवलंय. १९७८ च्या आधीच्या गाण्यांसाठी हिशेब असा: हक्क सुरू झाल्यापासून ५६ वर्षं झाली की लेखक किंवा त्याचे वारस नोटीस देऊन अमेरिकेपुरते ते हक्क परत मागू शकतात. १९७८ नंतरच्या करारांना ही मुदत साधारण ३५ वर्षं. नोकरीत पगारावर लिहिलेल्या गाण्यांना ही सोय नाही. आता १९६९ मध्ये ५६ मिळवा. २०२५. दोन वर्षांनी अमेरिकेतला हिस्सा तसाही हातून निसटायला लागणार असेल, तर आज चार पैसे घेऊन सौदा केलेला बरा, हे कुठल्याही व्यापाऱ्याला कळतं. मास्टरला मात्र हे दार उघडत नाही, कारण अमेरिकेत केंद्रीय कायद्यानं ध्वनिमुद्रणाला संरक्षण दिलं तेच मुळी १५ फेब्रुवारी १९७२ पासून. क्रीडन्सची जवळजवळ सगळी गाणी त्याआधी मुद्रित झालेली.

मग मास्टरचं काय करायचं? जमीन मिळत नसेल तर शेजारी नवी तोडायची. गाणं आता आपलं आहे, मग ते पुन्हा गायला कोण अडवणार? करारात सहसा कलम असतं की अमुक वर्षं तेच गाणं पुन्हा मुद्रित करायचं नाही. साठच्या दशकातल्या करारांची ती मुदत केव्हाच सरलेली असते. टेलर स्विफ्टनं २०२१ पासून हेच केलं आणि ‘टेलर्स व्हर्जन’ हे शब्द घरोघरी गेले. ऐंशीच्या फोगर्टीनं तिच्याच कंसाची नक्कल केली, यात थोडी थट्टाही आहे. २२ ऑगस्ट २०२५ ला आलेला त्याचा ‘लेगसी’ अल्बम बाजारात आणला तोही काँकर्डनंच, म्हणजे हे भांडण उरलेलं नाही. पण हा तिसरा सातबारा बावीस-तेवीस वर्षांच्या पोरानं घाईत सही करून तयार झालेला नाही, एवढा फरक आहेच.

सगळे म्हातारे असं करत नाहीत. बॉब डिलननं डिसेंबर २०२० मध्ये आपली सहाशेवर गाणी युनिव्हर्सलला विकली आणि पुढे मास्टर सोनीला. ब्रूस स्प्रिंगस्टीननं २०२१ मध्ये दोन्ही जमिनी सोनीला दिल्या, पन्नास कोटी डॉलरच्या आसपास असं तेव्हा छापून आलं. नील यंगनं निम्मा हिस्सा विकला, निम्मा ठेवला. पाच पोरांत भांडणं लावण्यापेक्षा जमीन विकून रोख वाटलेली बरी, हा हिशेब गावाकडेही ऐकू येतोच. त्यांच्याकडे विकायला सातबारा होता, हा फोगर्टीपेक्षा त्यांचा वेगळेपणा. मला विचाराल तर डिलनचा निर्णय व्यवहारी आहे आणि फोगर्टीचा हट्ट ऐकायला अधिक छान.

आपल्याकडे २०१२ च्या दुरुस्तीनं याच प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. राज्यसभेत जावेद अख्तर यांनी त्यासाठी बरंच रान उठवलं होतं. गाण्याची मालकी निर्मात्याला दिली तरी गीतकार-संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा आता सही करूनही सोडता येत नाही. तो फक्त वारसांना किंवा कॉपीराइट सोसायटीला देता येतो. ‘इथं सही कर, नाहीतर दुसरा बघतो’ असं म्हणून तो वाटा लिहून घेतला, तरी त्या सहीला किंमत नाही. परतीचं दार ठेवण्याऐवजी आपण बटईचा हिस्साच खुंट्याला बांधला. कूळकायदा करणाऱ्या देशाला हे सुचावं, यात आश्चर्य नाही.

आता ऐकण्याबद्दल. फोनवर ‘प्राउड मेरी’ची १९६९ ची आणि २०२५ ची प्रत एकापाठोपाठ लावून बघा. सुरुवातीचे ते ठोके, जे बेथोव्हनच्या पाचव्या सिंफनीवरून सुचले असं फोगर्टी सांगतो, दोन्हीकडे तसेच. नव्यात त्याचे मुलगे शेन आणि टायलर साथीला आहेत. १९७० च्या दशकात एका मुलानं मागितली म्हणून देऊन टाकलेली जुनी रिकनबॅकर गिटार २०१६ च्या नाताळात बायकोनं शोधून परत आणून दिली, तीही आता त्याच्या हाती आहे. आवाज ऐंशीच्या मानानं थक्क करणारा, वरच्या पट्टीत किंचित घासलेला. मुद्रण स्वच्छ, कदाचित गरजेपेक्षा जास्तच.

पण जुन्या प्रतीत कान देऊन ऐकलं की मागे एक साधी, न थांबणारी ऱ्हिदम गिटार आहे. ती टॉमची. भावाशी समेट न होताच तो १९९० मध्ये गेला. त्याचा हात फक्त त्या पहिल्या मास्टरवर आहे, आणि तो अजून काँकर्डच्या नावावर आहे.